पस्तीस वर्षांची हजेरी

६ जानेवारी २०१६, बुधवार

लव्हॉनने ख्रिसमसला ही वही दिली. वर म्हणाली, "जे बोलायचं ते हिच्यात बोल, माझ्या कानांना जरा सुट्टी." बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोकडून हे बक्षीस. असो. ट्रॅक्टर विकण्यात जन्म गेला, लिहिण्याची सवय नाही, पण नोंद ठेवण्यात मी कुणाला हार जायचा नाही.

आज आमच्या समाजसेवा क्लबची वर्षातली पहिली सभा. ल्यूथरन चर्चच्या तळघरात बाराच्या ठोक्याला घंटा वाजली. चिली आणि दालचिनीचे रोल. सव्वीस सदस्यांपैकी एकोणीस हजर. बाकीच्यांना थंडी वाजते म्हणे! मी एप्रिल १९८१ मध्ये सदस्य झालो, तेव्हापासून एक बुधवार चुकवलेला नाही. गावाबाहेर असलो तर त्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन बसलो, तिथल्या वहीत सही केली आणि भरपाई करून घेतली. नुसती सही करून पळता येत नाही. सभेचा साठ टक्के वेळ बसावं लागतं, तरच हजेरी धरतात. आईचं दफन बुधवारी आलं होतं, तर लॉइडला सांगून ते सकाळी दहाला ठेवायला लावलं. बाराला मी इथे होतो.

लॉइड पेटाक म्हणजे आमच्या ऑस्टर गावातला अंत्यसंस्कारवाला, क्लबचा चिटणीस आणि दंडाधिकारी. गावात त्याच्याइतका विनोदी माणूस नाही. दर सभेत तो कुणाकुणाला एक डॉलर दंड करतो. उशीर केला, दंड. केस कापले, दंड. पेपरात नाव आलं, दंड. आज मला केला, "ऑर्विल वेळेवर आला, त्यात नवीन काय? कंटाळा आणल्याबद्दल एक डॉलर." सगळे पोट धरून हसले.

या वर्षी क्लबने ठरवलंय की शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना एकेक मार्गदर्शक द्यायचा. वक्ता समिती बावीस वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून मला जी मुलगी दिली तिला भाषण शिकवायचं आहे. टेसा व्होबोरिल.

१३ जानेवारी

टेसा आज सभेला आली. सतरा वर्षांची, हाडापेराने मजबूत. दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि दोन रोल खाल्ले. बूट पुसून आली होती, तरी गोठ्याचा वास यायचा तो आलाच. बाप एमिल उत्तरेकडचं कुरण खंडाने घेऊन साठ गायी पाळतो. आई डार्ला नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची उठबस करते.

पोरीला गुरांचं डॉक्टर व्हायचंय. लिंकनच्या एका कॉलेजात दर वर्षी लहान गावांतली पाच मुलं निवडतात. सगळं शिक्षण फुकट, अट एकच, शिकून आपल्याच भागात परत यायचं. आमच्या कौंटीत सहा वर्षं गुरांचा डॉक्टर नाही. मी विचारलं, "आणि तिथे नाही जमलं तर?"

"तर एक मेपासून नर्सिंग होम," ती म्हणाली. "आईने तिथे बोलून ठेवलंय. बाबा म्हणतात, त्या पाचांत बस, दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा खर्च माझ्याच्याने होणार नाही."

म्हणजे या मुलीचं सगळं या एका मुलाखतीवर आहे. योग्य माणसाच्या हातात पडली, हे तिचं नशीब.

२३ जानेवारी

टेसा आमच्या स्वयंपाकघरात बसून सराव करते. क्लबपुढे तीन मिनिटं बोलायचंय. तिने स्वतःच्या मनाने जे लिहून आणलं होतं ते ऐकून माझी कॉफी घशात अडकली. वासरू झाल्यावर त्यांच्या एका गायीचं अंग बाहेर पडलं होतं, त्याची गोष्ट.

"मी साखर चोळली, मिस्टर टीमन. पाच पौंडांची अख्खी पिशवी. साखरेने पाणी सुटतं, सूज उतरते, मग मूठ करून हळूहळू आत ढकलता येतं. बाबा शेपूट धरून उभे होते आणि त्यांनाच घेरी आली."

"बाळ, लोक तेव्हा जेवत असतात."

"पण ते शेतकरीच आहेत ना सगळे?"

"शेतकरीसुद्धा जेवताना शेतकरी नसतो."

मग मी तिला 'स्वप्नांना पंख' असा विषय दिला. सुरुवातीला एक प्रश्न, मध्ये तीन मुद्दे, शेवटी गावाचे आभार. तिने मान खाली घालून सगळं उतरवून घेतलं. गुणी आहे.

ती गेल्यावर लव्हॉन म्हणाली, "साखरेपाशी मी भांडी घासायची थांबले होते. पंखांपाशी मला जांभई आली." तिला वक्तृत्वातलं काय कळतं?

३ फेब्रुवारी

टेसा क्लबपुढे बोलली. दोन मिनिटं पन्नास सेकंद. एकही चूक नाही. टाळ्या झाल्या, बेताच्या. लॉइडने मला दंड केला, "पोरगी बोलत होती आणि ओठ ऑर्विलचे हलत होते!"

१७ फेब्रुवारी

मुलाखतीचं पत्र आलं! ९ मार्च, दुपारी अडीच वाजता, लिंकन. राज्यभरातून चौदा जणांना बोलावलंय. टेसा सभा संपायच्या वेळी जिन्यात उभी होती. मार्चमध्ये गायी व्यायला लागतात, बापाला कुरण सोडता येत नाही. आईची कामाची पाळी आहे. जुना ट्रक कौंटीच्या वेशीपलीकडे जाईल याचा भरवसा नाही.

"तुम्ही न्याल का?"

"हा काय प्रश्न झाला? मार्गदर्शक कशासाठी असतो?"

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. नऊ मार्च बुधवार आहे.

१८ फेब्रुवारी

रात्री नीट झोप लागली नाही. पूर्वी आसपास चार क्लब होते. त्यातले तीन बंद पडले, सदस्य एकेक करून लॉइडकडे गेले. उरला बार्टलोचा, आणि त्यांचीही सभा बुधवारी बाराला. आता म्हणे संगणकावरूनही हजेरी लावता येते. घरी चड्डीवर बसून समाजसेवा! ते माझ्याच्याने व्हायचं नाही. २७ एप्रिलला माझी पस्तीस वर्षं पुरी होतात. जिल्ह्यातल्या सगळ्या क्लबांचा प्रमुख, त्याला आम्ही गव्हर्नर म्हणतो, तो जातीने माझ्या कोटाला हजेरीची पिन लावायला येणार आहे.

मग डोक्यात उजेड पडला. बार्टलो लिंकनच्या वाटेवरच आहे! तिथून लिंकन एक तास दहा मिनिटं. बारा ते बारा चाळीस सभेत बसायचं, साठ टक्के झाले की उठायचं, दोनच्या आत लिंकन. सुंठीवाचून खोकला गेला.

लव्हॉनचं आपलं वेगळंच. "एक बुधवार चुकला तर आभाळ कोसळेल का?"

"पस्तीस वर्षं, लव्हॉन."

"चौतीस वर्षं दहा महिने. पोरीला सांगितलंस?"

"त्यात सांगायचं काय? वाटेवरच तर आहे."

८ मार्च

टेसाला फोनवर सांगितलं.

"तिथून किती वाजता निघायचं?"

"बारा चाळीस."

"बारा चाळीस," ती म्हणाली. मग, "आपण सरळ गेलो तर? मी बाहेर बाकावर बसून वाट बघेन. मला चालेल."

"उपाशीपोटी मुलाखत देऊ नये, बाळ. बार्टलोचं जेवण चांगलं असतं."

घाबरली आहे. या वयात व्हायचंच.

९ मार्च, बुधवार

थकलोय, पण आजचं आजच लिहायला हवं. निम्मा दिवस आयुष्यात लक्षात राहील असा गेला.

बार्टलोला बाराला पाच कमी असताना पोचलो. सही केली. जेवण वाढलं आणि त्यांची अध्यक्षीणबाई तोंड पाडून आली. त्यांचा आजचा वक्ता आजारी पडला होता. सभेला वक्ता नाही! बावीस वर्षं वक्ते शोधणाऱ्या माणसाला ते बघवतं का? मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्याकडे आहे वक्ता."

टेसाने माझी बाही ओढली. "मिस्टर टीमन, बारा बावीस झालेत."

"तीन मिनिटांचं तर काम. तुला सरावही होईल."

ती उठली. मला वाटलं पंखांवर बोलेल. पण नाही, तिने गाय काढली! साखर, सूज, मूठ, सगळं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर खोलीत चमच्याचा आवाज नाही. सगळे पुढे वाकून ऐकत होते. बापाला घेरी आली त्या जागी एक म्हातारा एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग प्रश्न सुरू झाले. साखर कुठली? मध चालेल का? टाके कोण घालतं? त्यांच्याही भागात गुरांचा डॉक्टर नाही. पोरगी एकेकाला नेमकं उत्तर देत होती आणि अध्येमध्ये भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मग माइकमध्येच म्हणाली, "माफ करा, पाऊण वाजलाय. अडीचला लिंकनला माझी मुलाखत आहे, आम्हाला निघायला हवं."

मी जागेवरून ओरडलो, "आहे वेळ, आहे वेळ!" सगळे हसले आणि आणखी चार हात वर झाले.

तिला पेन भेट दिलं. फोटो काढला. मग गोड म्हणून रूबार्बचा पाय आला, केकसारखा ताजा भाजलेला, तो न खाता उठणं म्हणजे अपमान. पाय खाताना ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. "मिस्टर टीमन, सव्वा झालाय. प्लीज." मी म्हटलं, कोट घाल, आलोच. तेवढ्यात १९९० च्या अधिवेशनातला एक जुना मित्र भेटला. निघायला दीडला दोन मिनिटं कमी होती.

तरी मी दहा मिनिटं भरून काढली असती. पण फाटकात कोळशाची मालगाडी आडवी आली. तिचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी डबे मोठ्याने मोजले. एकशे अठ्ठावीस. ती गाडीतल्या घड्याळाकडे बघत होती.

तीन वाजून चार मिनिटांनी पोचलो. आत पुढचा मुलगा बसला होता. निवड समितीच्या प्रमुख डॉ. मेरिडिथ ऑस मधल्या वेळात बाहेर आल्या. उंच बाई, मनगटावर जुन्या चाव्याचा वण.

"आम्ही वीस मिनिटं थांबलो," त्या टेसाला म्हणाल्या. "चौदा मुलं आहेत. बाकीची तेरा वेळेवर आली. अडलेली गाय तुझी वाट बघेल का?"

"नाही, मॅडम," टेसा म्हणाली.

मी मध्ये पडलो. बार्टलोला तिने सभा कशी जिंकली ते सविस्तर सांगितलं. बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. कुणी मला असं फारसं बघत नाही.

परतीच्या वाटेवर टेसा तीन तास खिडकीबाहेर बघत होती. मी तिला खरं तेच सांगितलं, की बावीस वर्षांत इतकं चांगलं भाषण मी ऐकलेलं नाही. घरासमोर उतरली तेव्हा दार हळूच लावलं. रागावली असती तर आपटलं असतं.

माझी हजेरी लागली. आता सात बुधवार राहिले.

११ मार्च

देव दयाळू आहे. टेसा कॉलेजचं पत्र घेऊन आली. उशीर विद्यार्थिनीच्या चुकीने झाला नसेल, तर सोबतच्या माणसाने तसं लेखी कळवावं, समिती तिला पुन्हा बोलावेल. मुदत २१ मार्च.

"मला स्तुती नको," ती दारातच उभी राहून म्हणाली. "फक्त जे झालं ते लिहा. मी किती वाजता काय म्हणाले, एवढंच. तिथे तुम्हीच होतात."

"आत ये, कोको घे."

"नको. गायी आहेत."

१४ मार्च

पहिला खर्डा केला. इथे उतरवून ठेवतो: "टेसाने मला तीनदा वेळेची आठवण करून दिली. मी ऐकलं नाही. उशीर पूर्णपणे माझ्यामुळे झाला." वाचून पाहिलं. खरं आहे.

क्लबच्या छापील कागदावर जाणारं पत्र चिटणिसाला दाखवावं लागतं, म्हणून लॉइडकडे गेलो. तो नव्या शवपेट्यांची यादी बघत होता. पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"अरे, शहाणा आहेस की नाही? गव्हर्नर येणार पिन लावायला, आणि तू कागदावर लिहून देतोस की या पिनेपायी मी पोरीचं वाटोळं केलं?"

"वाटोळं अजून झालेलं नाही, म्हणून तर पत्र."

"मग जरा सौम्य लिही ना. 'मी मी' काय लावलंयस, मोठा आलास हुतात्मा! 'आम्ही दोघं' लिही. सभ्य वाटतं. पोरीवरही काही येत नाही, तुझ्यावरही नाही. आणि उद्या तेच कॉलेज म्हणेल, ऑस्टरच्या क्लबची माणसं बेजबाबदार, तिथली मुलंच नकोत. पुढच्या पोरांचा विचार कर."

पुढच्या पोरांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. लॉइडला पुढचं दिसतं, धंदाच तसा आहे.

१८ मार्च

पत्र टाकलं. "सभेच्या उत्साहात आम्हा दोघांनाही वेळेचं भान राहिलं नाही." पुढे दीड पान टेसाची स्तुती, मनापासून. ते दीड पान मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं आहे.

लव्हॉनने विचारलं, "तिने तीनदा सांगितलं, ते लिहिलंस?"

"सारांश लिहिला."

ती बशी पुसत राहिली, कोरडी झाली तरी.

४ एप्रिल

नकार आला. पाचही जागा भरल्या. डॉ. ऑस लिहितात, "आपल्याच पत्रावरून दिसतं की विद्यार्थिनीलाही वेळेचं भान नव्हतं." सोबत माझं पत्र जोडून टेसालाही प्रत पाठवली आहे. दीड पान स्तुती कुणी वाचली नाही! शिकलेल्या लोकांना एका शब्दावर बोट ठेवायला तेवढं येतं.

टेसाला दोनदा फोन केला. आईने उचलला, म्हणाली झोपली आहे. दुपारचे चार वाजले होते.

८ एप्रिल

गुरांच्या खाद्याच्या दुकानात एमिल व्होबोरिल भेटला. मी हात पुढे केला. त्याच्या हातात पोतं होतं, त्यामुळे जमलं नाही. ते त्याने ट्रकमध्ये टाकलं आणि निघाला. घाईत असावा.

रात्री मनात आलं की पहिलाच खर्डा पाठवायला हवा होता. हे इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

१३ एप्रिल

लॉइडच्या डोक्यातून एक नामी कल्पना निघाली. २७ तारखेला गव्हर्नर येणार, त्या दिवशी वक्ता म्हणून टेसाच! विषय 'अपयशातून शिकताना'. म्हणजे क्लब मुलांच्या पाठीशी कसा उभा राहतो तेही दिसेल. मला जरा धाकधूक होती, पण फोन केला तर ती लगेच म्हणाली, "किती मिनिटं?"

"वीस."

"मला पाच पुरतील. गव्हर्नर असतील ना? सगळे सदस्य?"

"सगळे."

"येते."

मी लव्हॉनला म्हटलं, बघ, मनात काही ठेवलेलं नाही पोरीने.

२७ एप्रिल, बुधवार

क्रमाने लिहितो.

पस्तीस वर्षांत प्रथमच सव्वीसपैकी सव्वीस हजर. बायकाही आल्या होत्या. लव्हॉनने निळा ड्रेस घातला होता. टेसा नर्सिंग होमच्या गणवेशात आली. कामाची तारीख एक मेच्या आधी ओढली असावी. एकला तिची कामावरची पाळी होती.

बारा वीसला ती उभी राहिली. हातात कागद नव्हता. म्हणाली, "नऊ मार्चला मिस्टर टीमन मला मुलाखतीला घेऊन गेले. वाटेत हजेरी लावायला थांबले. बारा बावीसला मी त्यांना वेळ सांगितली. पाऊण वाजता माइकवरून सांगितली. ते म्हणाले, आहे वेळ. सव्वा वाजता पुन्हा सांगितली, तेव्हा ते रूबार्बचा पाय खात होते."

इथे कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली.

"मग त्यांनी कॉलेजला लिहिलं की आम्हा दोघांनाही भान नव्हतं. मला होतं. मला मिनिटामिनिटाचं भान होतं. एवढंच सांगायला मी आले."

मी उठणार होतो. हे मी शपथेवर लिहितो, मी खुर्चीचे हात धरले होते. तेवढ्यात लॉइड ओरडला, "ऑर्विल! पायसाठी पोरीला ताटकळत ठेवल्याबद्दल एक डॉलर! आणि आमच्यासाठी तुकडा न आणल्याबद्दल आणखी एक!"

आणि सगळं तळघर हसलं. गव्हर्नरही हसला, डोळे पुसत. सुटल्यासारखे हसले सगळे. मी दोन डॉलर काढले आणि उंच धरून दाखवले, तशी आमच्याकडे रीत आहे. टाळ्या झाल्या. टेसा अजून माइकपाशीच उभी होती. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग अध्यक्षांनी तिच्या हातात भेटीचं पेन ठेवलं आणि तिला खुर्ची दाखवली.

ती खुर्चीवर बसली नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाहेर या. एक मिनिट." जिन्याखाली गेलो. लव्हॉनही मागून आली.

"त्या पाचांतला एकजण सोडून गेला," टेसा म्हणाली. "काल डॉक्टर ऑसचा फोन आला होता. एक वाजता समिती बसून ती जागा भरणार आहे. त्या म्हणाल्या, माझं त्यांनी ऐकलं, पण लेखी तर वेगळंच आहे. लिहिणाऱ्याने एकच्या आत फोन करून खरं सांगितलं तर त्या माझं नाव पुढे ठेवतील." तिने चिठ्ठी पुढे केली. "हा नंबर. फक्त एक वाक्य."

"काल का नाही सांगितलंस?"

"काल सहा वेळा फोन केला. तुम्ही भाषणाची तयारी करताय, असं सांगितलं मला."

ते खरं आहे. आभाराचं भाषण पाठ करत होतो. लव्हॉनला मीच सांगितलं होतं, आज कुणाचा फोन देऊ नकोस.

"दे, लावतो," मी म्हणालो आणि खिशातून फोन काढला. बारा सदतीस झाले होते. आतून घंटा वाजली आणि गव्हर्नरचा आवाज आला, "पस्तीस वर्षं! एकही बुधवार न चुकता! ऑर्विल टीमन!" टाळ्या. मग खुर्च्या सरकल्या. माझ्यासाठी सगळे उभे राहिले होते.

"पाचच मिनिटं," मी म्हणालो.

"मिस्टर टीमन." तिचा आवाज चढला नाही. "बारा अडतीस झालेत."

लव्हॉन म्हणाली, "ऑर्विल, आत्ता लाव. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

सगळी माणसं उभी. गव्हर्नर दीडशे मैलांवरून आलेला. अशा वेळी माणूस जिन्याखाली फोनवर बोलत उभा राहतो का? आणि एवढी मोठी गोष्ट सांगायची तर ती घाईत, अर्धवट नको. नीट सांगायला हवी. मी आत गेलो.

गव्हर्नर छान बोलला, थोडं लांबलं. लॉइडने आईच्या दफनाचा किस्सा सांगितला. पिन लावताना माझे डोळे मिटले म्हणून फोटो तीनदा काढावा लागला. माझं आभाराचं भाषण मी पाचावरून तीन मिनिटांवर आणलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

बाहेर आलो तेव्हा जिन्याखाली कुणी नव्हतं. टेसा पाळीवर गेली होती. लव्हॉनने गाडी नेली होती. एक वाजून अकरा मिनिटं झाली होती. पहिल्या पायरीवर बसलो, काय बोलायचं ते दोनदा मनात घोळवलं आणि नंबर लावला. बाई उचलेनात, यंत्र लागलं. मी सगळं सांगितलं. तिने वेळ सांगितली होती, तीनदा सांगितली होती, हेही सांगितलं. "चूक माझी, टेसाची नाही," हे वाक्य सावकाश म्हटलं, नाव नीट कळावं म्हणून तिचं आडनाव अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. लॉइडने घरी सोडलं. घरात अंधार आहे, लव्हॉन बहिणीकडे असावी.

निरोप सव्वा मिनिटात बसवला. एकदाही अडखळलो नाही.